भोपळ्यातली म्हातारी आणि उडणारा सिंह

खानापूरहून एका आईनं विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात देतो. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या घरचे सहा जण बेळगावला एक परदेशी अद्भुत साहसपट बघायला गेले. हिंदीत डब केलेला, थ्रीडी. मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 6 वर्षांची, सोबत नवरा, दीर आणि सासूबाई. जाहिरात बघून मुलं पंधरा दिवस घरभर उड्या मारत होती. मध्यंतरानंतर मुलगा खुर्चीत उलटा वळून मागच्या रांगेतल्या लोकांकडं बघत बसला, मुलगी झोपली आणि सासूबाईंनी दोनदा विचारलं, 'अजून किती आहे गं?' परतीच्या वाटेवर पिक्चरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्या विचारतात: हल्लीच्या मुलांना जादूच्या गोष्टी आवडेनाशा झाल्यात का? मोबाइलनं त्यांची कल्पनाशक्ती खाल्ली का? की आमचीच निवड चुकली? चांगला पिक्चर ओळखायचा कसा? आणि मुलगी तेव्हापासून रात्री 'दगडाची बाई' म्हणून घाबरून उठते, तिचं काय करायचं?

ताई, गेली 28 वर्षं मी बेळगावात आणि आसपासच्या गावांत बालनाट्यं बसवतो, मे महिन्यात शिबिरं घेतो, शाळांतून गोष्टी सांगत फिरतो. तुमचा प्रश्न आल्यावर मी मुद्दाम तो पिक्चर जाऊन बघितला. त्याचं नाव घेत नाही, कारण जे त्यात चुकलं आहे ते त्याच्यासारख्या कितीतरी पिक्चरांत चुकलेलं असतं. पण आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्या मुलांचं काही बिघडलेलं नाही. मुलगा उलटा वळून माणसं बघत बसला, कारण समोरच्या पडद्यापेक्षा मागची माणसं त्याला जास्त खरी वाटली. त्यानं अगदी बरोबर केलं.

मी नाटकाच्या वेळी विंगेत थांबत नाही. बाजूच्या भिंतीला टेकून मुलांचे पाय बघतो. लहान मुलांचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत, ते सारखे झुलत असतात. तोंड खोटं बोलतं, आईबाप शेजारी बसलेत म्हणून मूल हसतं, टाळ्याही वाजवतं, पण पाय खोटं बोलत नाहीत. गोष्ट पकडली की पाय थांबतात. एकाचे थांबतात, मग शेजारच्याचे, मग रांगच्या रांग स्थिर होते. त्या पिक्चरला मी मागच्या बाजूला बसून अंधारात दिसतील तेवढे पाय बघत होतो. सुरुवातीची दहा मिनिटं ते थांबले होते. आरशातून पलीकडं जायचं दार उघडलं तेव्हा समोरच्या रांगेतली एक मुलगी पाय पोटाशी घेऊन बसली. म्हणजे मुलं आली होती ती विश्वास ठेवायच्या तयारीनं आली होती. त्यांचा विश्वास नंतर पिक्चरनं गमावला.

कुठं गमावला, ते समजून घ्यायला आपल्याच घरातली एक गोष्ट घेऊ. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' तुमच्या सासूबाईंनी नक्की सांगितली असेल. म्हातारी लेकीकडं निघते. वाटेत वाघ आडवा येतो, म्हणतो खातो तुला. ती म्हणते, आता माझ्या अंगात काय आहे, हाडंच, लेकीकडं जाऊ दे, तूपरोटी खाऊ दे, लठ्ठ होऊन येते, मग खा. वाघ सोडतो. ती लेकीकडं जाते, खाते, पिते, आणि परत जायची वेळ येते. इथं माझ्या समोरची मुलं अंग चोरून घेतात, कारण म्हातारीनं शब्द दिलाय हे त्यांना माहीत आहे आणि वाटेत वाघ बसलाय हेही माहीत आहे. लेक तिला भोपळ्यात बसवते. आता खरी मेख बघा. भोपळा आपोआप पळत नाही. म्हातारीनं आतून 'चल रे भोपळ्या' म्हटलं तरच तो टुणूक टुणूक जातो. आणि बोलली तर वाघ आवाज ओळखणार! गप्प बसली तर भोपळा जागचा हलत नाही, बोलली तर पकडली जाते. पाच मिनिटांच्या गोष्टीत जादू आहे, तिचा नियम आहे आणि त्या नियमातच संकट आहे. कुणी शिकवलेलं नसताना आपल्या आज्ज्यांना हे माहीत होतं.

आता तो पिक्चर. हरवलेल्या बापाला शोधत एक बहीणभाऊ आरशातून पलीकडच्या जगात जातात, आणि तिथली राणी त्यांची शत्रू होते. त्यात एक उडणारा सिंह आहे. दिसायला काय देखणा! आयाळीतला एक एक केस वाऱ्यावर वेगळा हलतो. ज्यांनी तो संगणकावर घडवला त्यांच्या कष्टाला माझा नमस्कार. पण तो का उडतो, किती उडू शकतो, कुणाच्या हाकेला येतो, यातलं काहीच आपल्याला सांगितलेलं नाही. बहीणभाऊ दरीत पडतात, सिंह येऊन झेलतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग पूर येतो, सिंह उचलतो. मग राणीचे सैनिक चारी बाजूंनी घेरतात. तेव्हा माझ्या पुढं बसलेला सातआठ वर्षांचा मुलगा आईला हळूच म्हणाला, 'आत्ता सिंह येणार बघ.' आणि सिंह आला. त्या क्षणी त्या मुलापुरता पिक्चर संपला. पुढची पन्नास मिनिटं त्याचे पाय झुलत होते.

सिंहाला काहीतरी लागायला हवं होतं. दर उड्डाणामागं त्याचं एक पीस गळतं म्हणा, तो सूर्य मावळल्यावर उडू शकत नाही म्हणा, किंवा भाऊ खोटं बोलला तर तो त्याला दिसेनासा होतो म्हणा. मग घेरलेल्या अवस्थेत सूर्य टेकडीला टेकलेला दाखवला असता, तर थिएटरमधलं एकेक मूल खुर्चीच्या कडेवर आलं असतं. यासाठी जास्तीचा एक रुपया लागत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एक मोठं बालनाट्य बसवलं होतं. परी, राक्षस, राजपुत्र. धुराचं यंत्र भाड्यानं आणलं होतं, जादूची छडी टेकली की लाल दिवा लागायचा आणि धूर यायचा. पहिल्या वेळी सभागृहात 'ओऽऽ' झालं. दुसऱ्या वेळी थोडं कमी. चौथ्या वेळी मागच्या रांगेतली मुलं खुर्च्यांवर चढून खेळायला लागली. मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांना बोलावून नाटकात एकच बदल केला: छडी तीनदाच चालेल, चौथ्यांदा मोडेल, आणि हे परी पहिल्याच प्रवेशात सांगून टाकेल. राजपुत्राला भूक लागलेली असते, तो पहिली छडी लाडवांवर घालवतो. दुसऱ्या प्रयोगात तो छडी उचलायला लागला तेव्हा खालून शंभरेक पोरं एका सुरात ओरडली, 'नको रे, नको!' त्या दिवशी लाल दिव्याचा फ्यूज गेला होता आणि धूर आलाच नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सत्यजित राय यांनी आपल्या आजोबांच्या, उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या गोष्टीवरून 1969 मध्ये 'गूपी गाईन बाघा बाईन' हा बंगाली चित्रपट केला. पैसे कमी होते म्हणून तो जवळजवळ सगळा कृष्णधवल आहे, रंग येतो तो शेवटाला. भुतांचा राजा दोन साध्या गावकऱ्यांना तीन वर देतो: हवं ते खाणं आणि कपडे, हवं तिथं जाणं, आणि गाण्याबजावण्यानं ऐकणाऱ्याला जागच्या जागी खिळवून ठेवणं. पण खाणं मिळवायला आणि दूर जायला दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यावी लागते. एकट्याच्या टाळीनं काही होत नाही. बस, एवढंच. पुढं दोघांची ताटातूट झाली की मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही, त्याच्या पोटात आपोआप गोळा येतो. एका शिबिरात मी तो दाखवला होता, बंगाली एकाही मुलाला येत नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत दोन दोन पोरं एकमेकांना टाळ्या देत 'बासुंदी! बासुंदी!' करत पळत होती.

पैशानं हे विकत मिळत नाही याचा दाखला परदेशातच आहे. 2007 साली 'द गोल्डन कंपास' नावाचा भला मोठा अद्भुतपट आला. दृश्यपरिणामांसाठी त्याला ऑस्करही मिळालं. मूळ पुस्तकाचा शेवट मात्र त्यांनी पडद्यावर आणला नाही, पुढच्या भागासाठी राखून ठेवला. पुढचे भाग निघालेच नाहीत. तुम्ही बघितलेल्या पिक्चरनंही हेच केलं आहे. दोन तास मुलं ज्या बापाला शोधत होती तो शेवटच्या मिनिटाला एका टेकडीवर पाठमोरा दिसतो आणि पडदा काळा होतो. मोठ्या माणसाला कळतं की पुढचा भाग येणार आहे. 6 वर्षांच्या मुलीला एवढंच कळतं की बाबा सापडले नाहीत आणि दिवे लागले. गोष्ट सांगणाऱ्यानं मुलाशी असं वागू नये. आपल्या श्रावणातल्या कहाण्यासुद्धा साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण करूनच उठायच्या. ऐकणारा घरी जाताना मोकळा जायला हवा.

बापाबद्दल अजून एक. तो हरवला हे पिक्चर आपल्याला सुरुवातीला कुणाच्या तरी घुमणाऱ्या आवाजात सांगतं. चित्र कशाचं? ढगांचं, नकाशाचं, सोनेरी अक्षरांचं. बाप मुलाच्या बुटाची नाडी बांधताना एकदाही दिसत नाही. मग तो हरवला तर आपलं काय गेलं? दादासाहेब फाळक्यांनी 1919 मध्ये 'कालिया मर्दन' केला, त्यात कृष्ण झाली होती त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, तेव्हा जेमतेम सात वर्षांची. फाळक्यांनी काय केलं? यमुना नाही, नाग नाही, आधी त्या पोरीचा चेहरा जवळून दाखवला. ती हसते, रुसते, घाबरते, चिडते. मग ती कृष्ण होते. प्रेक्षकाचं आधी त्या लेकरावर मन जडवलं आणि मग तिला नागासमोर उभं केलं. शंभर वर्षं झाली, आजही तो तुकडा मुलांना दाखवला की मुली तसे चेहरे करून बघतात.

मोबाइलचं विचारलंत. मोबाइलमुळे मुलं चुळबुळी झालीत हे मी नाकारत नाही. पण कल्पनाशक्ती मेली असं माझ्या अनुभवाला येत नाही. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी कणकुंबीच्या बाजूला एका मराठी शाळेत गेलो होतो. त्या पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो हे तुम्हाला सांगायला नको. प्रोजेक्टर नेला होता, एक छोटा पिक्चर दाखवणार होतो, आणि करंट गेला. वर्गात इतका अंधार की फळा दिसेना. कौलांवर पावसाचा असा आवाज की ओरडून बोलावं लागत होतं. मी पोरांना जवळ, अगदी गुडघ्याला गुडघे लागतील असं बसवलं आणि एका मुलाची गोष्ट सुरू केली, जो रानात अस्वलाला भेटतो. माझं अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहून गर्जना करत होतं. चौथीतल्या एका मुलानं मला थांबवलं. 'सर, अस्वल आधी असं करत नाही. ते वास घेतं. आपण वाऱ्याच्या बाजूला असलो तर त्याला कळतं.' मग सगळा वर्ग सांगायला लागला: आजोबा काय करायचे, मध काढायला गेलेल्या माणसाचं काय झालं, रात्री वाटेनं येताना खोकत का यायचं. मी माझं अस्वल बदललं. ते वास घ्यायला लागलं. चाळीस मिनिटं त्या अंधारात कुणी हललं नाही. भीमगडच्या रानाला लागून राहणाऱ्या या मुलांना गर्जनेची भीती वाटत नाही, वास घेणाऱ्या नाकाची वाटते. खरा बारकावा एकच असला तरी खोटं जग खरं होतं. हजार बारकावे संगणकानं भरले आणि त्यातला एकही कुणी जगलेला नसला, तर मूल ओळखतं.

आणि आपल्या बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक बघितली असेलच तुम्ही. चित्ररथ निघतात ते पहाटेपर्यंत. मारुती गल्लीच्या कडेला पोरं आईच्या पदराखाली, चादरी गुंडाळून बसलेली असतात. एकामागून एक ट्रॅक्टर येतो, त्यावर पुठ्ठ्याचा किल्ला, थर्माकोलचा बुरूज, खालून जनरेटरचा धूर. अफजलखान पुढं येतो, मिठी मारतो, आणि सगळी गल्ली श्वास रोखते. मुलांना शेवट पाठ आहे, मागच्या वर्षीही हाच प्रसंग बघितलाय, बुरूज खोटा आहे हेही त्यांना दिसतंय. तरी त्या एका क्षणाला डोळ्याची पापणी लवत नाही. त्यांना माहीत असतं की महाराजांच्या अंगात चिलखत आहे, हातात वाघनखं आहेत, आणि खानाला यातलं काही माहीत नाही. आपल्याला माहीत असलेली गोष्ट समोरच्या शत्रूला माहीत नसणं, याइतकी मुलांना धरून ठेवणारी युक्ती दुसरी नाही. त्या पिक्चरमध्ये उलटं आहे. राणीला सगळं माहीत, सिंहाला सगळं माहीत, फक्त मुलांना काही माहीत नाही, पडद्यावरच्याही आणि खुर्चीतल्याही.

भाषेचा मुद्दा तुम्ही लिहिला नाहीत, पण मला तो मोठा वाटतो. तुमच्या मुलाच्या कानावर घरी मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी पडते. आपल्या भागातली मुलं या बाबतीत फार हुशार, पानपट्टीवर एका भाषेत आणि दोन पावलांवर दुसऱ्या भाषेत बोलतात. पण व्यवहाराची हिंदी वेगळी आणि डबिंगमधली वेगळी. या पिक्चरमध्ये 'कायनात', 'विरासत', 'फरेब' असे शब्द पहिल्या पंधरा मिनिटांत आले. माझ्या शेजारची मुलगी वडिलांना विचारत होती, 'कायनात म्हणजे काय?' वडील सांगेपर्यंत पडद्यावर तिघे जण बोलून गेले होते. मूल अशा वेळी पाचसहा वेळा विचारतं, मग विचारणं सोडतं, आणि मग बघणंही सोडतं. आपल्याला वाटतं त्याला कंटाळा आला.

कर्नाटकात दुसऱ्या भाषेतले चित्रपट कन्नडमध्ये डब करण्यावर कितीतरी दशकं अलिखित बंदी होती. 2015 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं त्याविरुद्ध निकाल दिला आणि त्यानंतर हळूहळू कन्नड डब येऊ लागले. त्यामुळे ज्या घरात कन्नड चांगली कळते त्यांनी कन्नड खेळ आहे का हे जरूर बघावं. तुमच्या सासूबाईंचं माहेर बैलहोंगलकडचं आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्यांना तरी हिंदीपेक्षा तो नक्की जवळचा वाटला असता. आणि एखादा मोठा अद्भुतपट चांगल्या, बोलत्या मराठीत डब होऊन आपल्या मुलांना थिएटरात बघायला मिळावा, ही माझी फार वर्षांची इच्छा आहे. एखाद्या खेड्यातल्या आज्जीला नातवाच्या शेजारी बसून 'हे काय म्हणालं रे?' असं विचारावं लागू नये, एवढंच मला हवंय.

मध्यंतर आणि चष्मा, दोन्ही थोडक्यात. परदेशी पिक्चर मध्यंतर डोक्यात ठेवून बांधलेले नसतात. आपल्याकडं ते कुठंतरी मध्ये तोडतात. या पिक्चरमध्ये तर बहीण दगड होत असतानाच दिवे लागले. मुलं समोसे आणायला धावली आणि परत आली तेव्हा ती भीती थंड झाली होती. थ्रीडीचा चष्मा प्रकाश खातो, चित्र अंधारं दिसतं, आणि तो 6 वर्षांच्या नाकावर टिकत नाही. मी एक मुलगी बघितली, दोन्ही हातांनी चष्मा धरून बसली होती. हात दुखले की चष्मा काढायचा, मग चित्र दुहेरी. तुमच्या मुलीला झोप लागण्यात या चष्म्याचाही हात असणार. लहान मुलं सोबत असतील तर साधा टूडी खेळ घ्या.

आता निवड. तुम्ही पिक्चरचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघत असाल तर एक लक्षात ठेवा. 2024 पासून यूए गटात, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायच्या पिक्चरांत, 7+, 13+ आणि 16+ असे वयाचे टप्पे आलेत, ते उपयोगाचे आहेत आणि जरूर बघावेत. पण ते भीती, हिंसा, भाषा यांबद्दल सांगतात. गोष्ट चांगली आहे की नाही हे प्रमाणपत्र सांगत नाही, आणि जाहिरात तर मुळीच नाही. मी माझ्या शिबिरातल्या पालकांना सांगतो की जाहिरात मुलासोबत दोनदा बघा आणि त्याला एकच विचारा: या जाहिरातीतल्या मुलाला काय हवंय? मूल जर म्हणालं, 'त्याला त्याची हरवलेली गाय शोधायचीय' किंवा 'तिला घरी जायचंय', तर चला. मूल जर नुसतं म्हणालं, 'सिंह आहे, ड्रॅगन आहे, मारामारी आहे', तर पहिल्या आठवड्यात जाऊ नका. ओळखीतलं एखादं मूल बघून येऊ दे. त्याला 'आवडला का' विचारू नका, मुलं त्याला हो म्हणतात. 'गोष्ट सांग' म्हणा. तुमच्या मुलाला मी फोनवर हेच विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'एक सिंह असतो, तो उडतो, मग मारामारी होते, मग संपतं.' दोन तासांचा पिक्चर एका श्वासात संपला. त्यालाच भोपळ्याची गोष्ट सांगायला लावा. दहा मिनिटं घेईल, आणि वाघाचा आवाजही काढेल.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. पिक्चर फसला तरी ती संध्याकाळ फसू देऊ नका. परतीच्या वाटेवर तुम्ही सगळे गप्प होता, ते टाळता आलं असतं. मुलाला म्हणायचं, 'सिंहाचं तुझ्या मनाप्रमाणं काय करायचं होतं?' माझ्या शिबिरात मी फसलेली नाटकं मुद्दाम मुलांना दुरुस्त करायला देतो. चांगल्या गोष्टीपुढं मूल नुसतं बघत राहतं, पण मोडक्या गोष्टीत त्याला हात घालता येतो. दिवाळीत आपल्याकडं पोरं मातीचे किल्ले करतात, तेव्हा बघा. चोरदिंडी कुठं असावी, पाणी कुठून यावं, तोफ कुठल्या बुरुजावर, यावरून भांडणं होतात, आणि प्रत्येकाकडं कारण असतं. 'इथून शत्रू चढेल की!' हीच बुद्धी त्यांना सिंहासाठी वापरू द्या. तुमचा मुलगा 9 वर्षांचा आहे, तो त्या पिक्चरच्या लेखकांपेक्षा चांगला नियम शोधेल. मी अशा वयाची शेकडो मुलं बघितली आहेत, म्हणून खात्रीनं सांगतो.

राहिली तुमची धाकटी. पिक्चरमध्ये बहीण दगड होते, आणि काही मिनिटांत राणी पडल्यावर आपोआप परत माणूस होते. ती कशी परत आली हे पिक्चरनं सांगितलंच नाही. आणि तुमची मुलगी तर तोवर झोपलेली होती. तिनं बाई दगड होताना बघितली, परत येताना बघितली नाही. तिच्यासाठी ती अजून दगडच आहे, खानापुरातल्या तुमच्या खोलीच्या अंधारात उभी. तिला 'तसं काही नसतं' म्हणू नका. तिनं ते डोळ्यांनी बघितलंय, आणि तुम्ही नाही म्हटलंत की ती भीतीसोबत एकटी पडते. दिवसा, उजेडात, तिला कागद आणि खडू द्या. बाई काढू दे. मग विचारा, 'ही परत कशानं हलेल?' ती काय सांगेल ते मी आत्ता सांगू शकत नाही. एका मुलीनं मला सांगितलं होतं की दगडाच्या माणसाच्या कानात त्याच्या आईचं नाव सांगितलं की तो शिंकतो आणि जागा होतो. दुसरीनं सांगितलं होतं की गरम भात नाकाखाली धरायचा. जे सांगेल ते करायचं, कागदावरच्या बाईच्या कानात खरंच नाव सांगायचं, भात धरायचा असेल तर भात धरायचा. सासूबाईंनाही सामील करून घ्या, आज्ज्यांना हे आपल्याहून चांगलं जमतं. रात्री उठलीच तर दिवा न लावता तिला तिचाच नियम विचारा. दोनतीन रात्री लागतील. महिनाभरानंतरही तसंच राहिलं, जेवण-झोप बिघडली, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, त्यात कमीपणा नाही.

आणि मे महिन्यात दोघांनाही शिबिराला पाठवा. खानापूरहून सकाळच्या गाडीनं येणारी चारपाच मुलं दरवर्षी असतात, त्यांच्यासोबत येतील. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलानं घरून एक भोपळा आणायचा असतो. पिकलेला, टणक, बोटानं वाजवला की आतून पोकळ आवाज येणारा. सासूबाईंना निवडायला सांगा, त्यांना कळेल कुठला.